पुढे दिलेलं पुस्तक

आमच्या चर्चच्या मागे संडे स्कूलची खोली आहे. तिथे सोमवार ते शनिवार सकाळी सहाला आम्ही पाच-सहा माणसं जमतो. सगळे दारू सोडलेले किंवा सोडायला आलेले. खोलीत खुर्च्या आहेत, पण त्या लहान मुलांच्या, त्यात आम्ही मावत नाही. म्हणून सतरंजीवर बसतो. मननाचं एक पुस्तक आहे, वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान. वर शास्त्रातलं वचन, खाली दहा-बारा ओळी, शेवटी लहानशी प्रार्थना. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग ज्याला बोलायचं असेल तो बोलतो, चहा होतो आणि साडेसहाला सगळे आपापल्या कामाला जातात. मी अंबडला एका कारखान्यात लेथवर आहे. माझी पाळी सातची.

वाचायचा नंबर बसल्या रांगेने सरकतो. त्यात एक नियम आहे. मागच्या नंबरापासून आजपर्यंत जो प्यायला असेल त्याने वाचायचं नाही. पुस्तक हातात आलं की न उघडता शेजारच्याला द्यायचं. त्याला आम्ही पुस्तक पुढे देणं म्हणतो. का दिलं, असं कोणी विचारत नाही. पुढचे तीस दिवस त्या माणसाने सगळ्यांच्या आधी यायचं, सतरंजी झटकायची, अंथरायची आणि नुसतं ऐकायचं. एकतिसाव्या दिवशी पुस्तक परत त्याच्या हातात. त्याचे दिवस मात्र पुन्हा एकपासून.

मी सहा वर्षं पाच महिने पुस्तक पुढे दिलं नव्हतं.

छाया, माझी बायको, जानेवारीत गेली. फुफ्फुसात पाणी झालं होतं. अकरा दिवस दवाखान्यात होती. मुलगी संजना पुण्याहून आली, महिनाभर राहिली आणि गेली. तिलाही तिचं घर आहे. तेव्हापासून इंदिरानगरच्या दोन खोल्यांत मी एकटाच आहे.

मी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो तेव्हा छायाने घरासाठीही तेच पुस्तक आणलं. पहिल्या कोऱ्या पानावर तिने पेन्सिलीने लिहिलं, "२ डिसेंबर. आज हे घरी आले." रोज संध्याकाळी ती भाजी निवडायला बसायची आणि मला म्हणायची, वाचा. सकाळी ऐकलेलंच पान मी पुन्हा मोठ्याने वाचायचो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. सुरुवातीला एका पानाला अर्धी जुडी मेथी निवडून व्हायची. नंतर जीभ सरावली. वाचून झालं की ती "बरं" म्हणायची आणि गॅस पेटवायला उठायची. त्यापलीकडे कधी काही म्हणाली नाही.

केंद्रातून आल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि वाईन देतात त्या उपासनेला, मी वेदीपुढे गेलो, गुडघे टेकले. चर्चचे पाळकसाहेब प्याला घेऊन तीन माणसांवर असतानाच मला वाईनचा वास आला. मी उठून बाहेर आलो आणि सायकल स्टँडपाशी उभा राहिलो. छायाने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांकडे गेली. काय बोलली मला माहीत नाही. पुढच्या महिन्यापासून चर्चमध्ये साधा द्राक्षरस आला आणि तो करायचं काम तिने घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आदल्या शनिवारी ती काळ्या मनुकांचा रस करून दोन बाटल्या भरायची. सहा वर्षं केलं. मी कधी ओट्याजवळ जाऊन बघितलं नाही ती काय करते.

ती गेल्यावर गोजराबाईंनी तीन महिने केलं. त्या आमच्या चर्चमधल्या जुन्या. एप्रिलच्या शेवटी त्या लेकीच्या बाळंतपणाला चांदवडला गेल्या. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर विचारलं, या वेळी रस कोण करेल? मी हात वर केला. छायाचं काम आहे, दुसऱ्याकडे कशाला जावं, असं वाटलं.

बुधवारी कामावरून येताना हातगाडीवर काळी द्राक्षं दिसली. हंगामाची शेवटची. मला वाटलं, मनुकांपेक्षा ताजी द्राक्षं चांगली. छाया मनुका घ्यायची कारण त्या वर्षभर मिळतात, असा माझा समज. तीन किलो घेतली. शनिवारपर्यंत टिकणार नाहीत म्हणून त्याच संध्याकाळी धुतली, कुस्करली आणि तिच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत भरली. वर फडकं बांधलं. बरणी फ्रीजमध्ये मावेना, म्हणून ओट्याखाली ठेवली. म्हटलं, सालीतला रंग उतरेल, शनिवारी गाळू.

मे महिना लागला होता. घराचा पत्रा तापत होता.

शनिवारी आम्हाला कारखान्याची सुट्टी असते. सकाळी बैठकीला गेलो. त्या दिवशी रहेमानभाईंनी वाचलं. रहेमानभाई रंगकाम करतात. नमाजी माणूस, पण सोडायला मदत हवी होती आणि आमची वेळ त्यांना सोयीची, म्हणून चार वर्षांपूर्वी आले आणि राहिले. त्यांचा नंबर आला की तेही वाचतात. म्हणतात, "पान तुमचं, जीभ माझी." त्यांच्यानंतर रांगेत मी, माझ्यानंतर राज. राज एका कंपनीची व्हॅन चालवतो. चौतीस वर्षांचा आहे, सोडून चार महिने झालेत.

घरी आलो, जेवलो, झोपलो. तीनच्या सुमारास उठून बरणी काढली आणि फडकं सोडलं.

वास आला तेव्हाच कळलं. साली वर आल्या होत्या, खालून बुडबुडे येत होते. बारीक आवाज येत होता, कपड्यावर पाणी टाकल्यावर गरम इस्त्रीचा येतो तसा. मी बरणीपाशी उकिडवा बसलो. म्हटलं, नासलं असेल. नासलं की नाही बघावं म्हणून बोट बुडवून जिभेला लावलं.

मग वाटी घेतली. म्हटलं, बोटाने नीट कळत नाही.

चव बघायला एक थेंब पुरतो. हे मला माहीत होतं. वाटी संपली तेव्हा मी दुसरी भरली आणि भिंतीला टेकून बसलो. तिसऱ्या वेळेला वाटी लहान वाटली म्हणून छायाचं फुलपात्र घेतलं. तशी ती जोरदार दारू नव्हती. पण पोटात गेल्यावर जी ऊब येते ती आली, आणि जानेवारीपासून पहिल्यांदा खांदे खाली आले. हे खोटं लिहून उपयोग नाही. बरं वाटलं.

फुलपात्र अर्धं झालं होतं तेव्हा फोन वाजला. गोजराबाई.

"पुंजाभाऊ, सलाम. काय म्हणतो रस? झाला का?"

"झाला," मी म्हणालो.

"मनुका उकळल्या ना? आधी उकळायचं बरं का, मग कुस्करायचं, मग परत एक कढ. मी सांगायचंच विसरले. हिकडं बाळ रात्रभर रडतं, डोकं जाग्यावर नाय माझं."

"हो, उकळल्या."

"छाया लय काटेकोर होती त्यात. एकदा मी म्हटलं, अगं आज भिजव, उद्या कर, एवढी काय घाई? तर म्हणाली, आमच्या घरात कच्चा रस एक रात्र ठेवायची सोय नाय, मावशी." गोजराबाई हसल्या. "चांगली होती हो पोरगी. जेवताय ना वेळेवर?"

"जेवतो."

"बघा हं. ठेवते."

फोन खाली ठेवला तेव्हा दुसऱ्या हातात फुलपात्र होतं. बोलताना ते मी खाली ठेवलं नव्हतं. सांडू नये म्हणून सरळ धरून ठेवलं होतं.

म्हणजे छायाला सगळं माहीत होतं. दर महिन्याला शनिवारीच करायची, उकळायची, लगेच थंड करून बाटल्या पाळकसाहेबांकडे पोचवायची. मला वाटायचं, बाईला चर्चच्या कामाची हौस आहे.

मी उठलो आणि बरणी मोरीत ओतली. सालींनी मोरी तुंबली. हाताने साली काढल्या, पिशवीत भरल्या, खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. बरणी तीनदा राखेने, मग साबणाने घासली. वास जाईना. मग किराणा दुकानात जाऊन अर्धा किलो मनुका आणल्या. दुकानदार म्हणाला, "काय मामा, शिरा का?" मी हो म्हणालो. उकळल्या, कुस्करल्या, गाळल्या, परत कढ दिला. तोंड चार वेळा धुतलं. सहा वाजता दोन बाटल्या पाळकसाहेबांच्या घरी नेऊन दिल्या. दारातूनच दिल्या, आत गेलो नाही.

त्या संध्याकाळी पुस्तक उघडलं नाही.

रविवारी सगळं व्यवस्थित झालं. रस चांगला होता. दोघांनी तसं सांगितलंही. मी मात्र वेदीपुढे गेलो नाही, मागच्या बाकावर बसून राहिलो. उपासना सुटल्यावर राज शोधत आला.

"काका, पुढे आला नाहीत?"

"गुडघा दुखतोय."

"मग मला सांगायचं, मी धरून नेलं असतं." तो माझ्याबरोबर गेटपर्यंत आला. "शुक्रवारी कळवणला लग्न होतं, मामेभावाचं. जेवणं झाल्यावर सगळे शेतातल्या खोलीत बसले. मला पण ओढायला लागले. म्हणे, चार महिन्यांत काय संत झालास का? मी बाहेर येऊन गाडीत बसलो. म्हटलं, पुंजाकाकांची बायको गेली तरी त्या माणसाने हात लावला नाही. माझं तर काहीच गेलं नाही." तो हसला. "दोन तास गाडीत बसलो, काका. डासांनी फोडून काढलं."

"चांगलं केलंस," मी म्हणालो. गुडघा दुखतोय म्हटलं होतं, म्हणून स्कूटरपर्यंत लंगडत गेलो.

रविवारी उपासनेमुळे मी दुपारच्या पाळीला जातो. लेथवर उभा राहून एकच विचार केला. सोमवारी पुस्तक माझ्या हातात येणार. ही दारू धरायची का? मी विकत आणली नव्हती. गुत्त्यावर गेलो नव्हतो. प्रभूच्या मेजासाठी काढलेला रस होता, माझ्या अडाणीपणाने आंबला. चूक झाली. सगळं खरं होतं. पण चूक पहिल्या बोटापर्यंत होती. वाटी चूक नव्हती.

बरं, कोणाला कळणार नव्हतं. बरणी धुतली होती. वाचलं असतं तरी खपून गेलं असतं.

सतरंजीची लाज नव्हती. एकदा ना एकदा बाकी सगळ्यांनीच टाकली आहे. अडत होतो ते दुसऱ्याच गोष्टीवर. लग्नानंतरची तेवीस वर्षं मी छायाला पिऊन दाखवली. तिच्या आईच्या मातीलासुद्धा मी पिऊन गेलो होतो आणि कबरीच्या कडेला पडलो होतो. तिला मी धड दिलं असेल तर ही सहा वर्षं. पुस्तक पुढे दिलं की माझे दिवस एकपासून सुरू. जुन्या दिवसांत छाया होती. रोज एक दिवस वाढायचा तो आमच्या दोघांचा वाढायचा. ती गेल्यावरही मी त्यालाच दिवस जोडत होतो, म्हणून ते तुटले नव्हते. नव्या दिवसांत ती नसणार. पहिल्या दिवसापासूनच नसणार.

सोमवारी पाचला उठलो. आंघोळ केली. वाचायचं ठरवूनच निघालो, हेही सांगून टाकतो.

खोलीत सहा जण होतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. रहेमानभाईंनी पुस्तक उचललं, तारखेचं पान बघितलं आणि मिटून माझ्याकडे दिलं. "घ्या पुंजाभाऊ. आज मुंग्या आहेत. तुम्हाला सोपं जाईल."

पुस्तक हातात घेतलं. जिल्द सुटलेली, कडा काळ्या झालेल्या. डावीकडे राज मांडी घालून बसला होता, दोन्ही हात काखेत. त्याला वाटत होतं, आज आपल्याला काही काम नाही.

मी चष्मा लावला. खिळ्याला लटकवलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग पुस्तक न उघडता त्याच्यापुढे धरलं.

त्याने घेतलंच नाही. माझ्याकडे बघून हसला. "काय काका? चष्मा चुकीचा आणलात का?"

आता हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझा जवळचा चष्मा आणि कामाचा चष्मा वेगळा आहे, सगळ्यांना माहीत आहे. कोणी काही म्हटलं नसतं. राजने वाचलं असतं आणि उद्या नंबर पुढे गेला असता.

"नाही," मी म्हणालो. "चष्मा बरोबर आहे."

त्याचे हात काखेतून निघायला वेळ लागला. पाळकसाहेब खाली बघत होते. राजने पुस्तक घेतलं, पान शोधलं, एकदा चुकीची तारीख काढली, मग बरोबर काढली आणि वाचलं. अडखळत वाचलं. मुंगीला मुकादम नसतो, तरी ती उन्हाळ्यात वेचून ठेवते, असं काहीतरी होतं. माझ्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

वाचून झाल्यावर ज्याला बोलायचं तो बोलतो. मी बोललो. द्राक्षांपासून सगळं सांगितलं. दोन वाट्या आणि अर्धं फुलपात्र, तेही सांगितलं. काल जो रस होता तो मनुकांचा, उकळलेला होता, कोणी शंका घेऊ नये, असं म्हणालो.

राज म्हणाला, "म्हणजे गोजराआजींचा फोन आला नसता तर?"

"तर काय?"

"तर ते काल चर्चमध्ये आलं असतं."

"मी आणलं नसतं."

"कशावरून?" त्याचा आवाज चढला. "मी गुडघे टेकून पहिलाच होतो, काका. मला काय कळलं असतं? चार महिने झालेत मला."

"राज," पाळकसाहेब म्हणाले.

"नाही, मला बोलायचंय. शनिवारचं सोडा. काल गेटवर मी एवढं सांगितलं, तुम्ही म्हणालात गुडघा दुखतोय. लंगडून दाखवलंत. लंगडून!"

माझ्याकडून आणलं गेलं असतं की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. फोन नसता आला तर बरणीत किती उरलं असतं, तेही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं माझं."

त्याने चहा घेतला नाही. व्हॅनची वेळ झाली म्हणून उठला आणि गेला. पुस्तक मात्र नीट कपाटात ठेवून गेला.

रहेमानभाईंनी मला कप दिला. "रागावलाय. येईल."

"न येवो. त्याचं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणूनच येईल. खोटा राग असता तर हसून गेला असता." त्यांनी फुंकर मारून चहा प्यायला. "मी तीनदा टाकली सतरंजी, तुम्हीच होता समोर. दर वेळेला म्हणायचात, रहेमानभाई, कोपरा दुमडलाय. आता बघतो तुमचा कोपरा."

"बघा."

"कपाटाची किल्ली वॉचमनकडे असते. तो सव्वापाचला उठतो. आधी हाक मारू नका, शिव्या देतो."

मी कामाला गेलो. दिवसभर लेथवर नेहमीसारखे लोखंडी बुश काढले. एकाचं माप चुकलं, भंगारात टाकलं.

संध्याकाळी घरी आलो. तीस दिवस बैठकीत वाचायचं नाही. घराबद्दल नियमात काही नाही. मेथी नव्हती, दुधी होता. तो ओट्यावर ठेवला आणि पुस्तक घेऊन छाया बसायची तिथे खाली बसलो. पहिलं कोरं पान उघडलं. "२ डिसेंबर. आज हे घरी आले." पेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते. शेजारी खोडरबर नव्हतं आणि असतं तरी मी ते खोडलं नसतं. ते तिचं अक्षर आहे. त्या दिवशी मी घरी आलो होतो, तेवढं तरी खरं आहे.

तिच्या ओळीखाली जागा होती. मी टोक केलेली पेन्सिल घेतली आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. पुढे काय लिहावं, सुचेना. नुसती तारीख ठेवली. माझं अक्षर तिच्यापेक्षा मोठं आणि वाकडं आहे.

मग मुंग्यांचं पान काढून मोठ्याने वाचलं. अडखळलो नाही. प्रार्थनेच्या दोन ओळी वाचून थांबलो. कोणी "बरं" म्हणालं नाही. मीच गॅस पेटवायला उठलो.

झोपण्याआधी गजर लावला. पाचचा असतो. सतरंजी टाकणाऱ्याला सगळ्यांच्या आधी पोचावं लागतं, म्हणून साडेचारचा केला.